पेटीतला मागच्या वर्षीचा दसरा

जिनिंगच्या गेटवर चौकीदारानं माझ्या खिशातली माचीस काढून घेतली, तेव्हा मी हसलो होतो. मी विडी ओढत नाही, सिगारेट ओढत नाही. यवतमाळातल्या माझ्या दुकानात सकाळी कम्प्युटरांपुढे उदबत्ती लावायची म्हणून एक माचीस कायम खिशात असते. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "उदबत्तीची असो का बिडीची, कापसाले फरक नाई समजत साहेब." आणि माझी माचीस त्यानं खिडकीतल्या डब्यात टाकून दिली.

खरं तर मला हसायचा काही अधिकार नव्हता. कापसाच्या आगीला मी लहानपणापासून भितो. आमचं घर कचेरीतल्या कारकुनांचं. घरात कापूस असे तो फक्त वातींपुरता. पण एकदा गावाबाहेरच्या एका जिनिंगला आग लागली आणि आम्ही ती गच्चीवरून पाहिली. ज्वाला मावळल्या, लोक घरी गेले, आणि मी वडिलांना म्हणालो, विझली. वडील म्हणाले, "कापसाची आग अशी विझत नसते. वरून विझते, आत जगते." पुढे कितीतरी दिवस त्या बाजूनं वारा आला की घरात जळक्या चिंधीचा वास यायचा. आई खिडक्या लावून घ्यायची आणि मी रात्री पांघरुणाला हात लावून पाहायचो, गरम तर नाही ना.

तर असा मी, आणि मला काम मिळालं ते नेमकं जिनिंगचं.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या जरा पुढे, रस्त्याला लागून एका शेतकऱ्याचं शेत; सगळे त्यांना भाऊ म्हणतात. घरचा कापूस, सोयाबीन, तूर; पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी माणूस. त्या शेताच्या एका तुकड्यावर भाऊंनी नवीन जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, टाकलं आणि कम्प्युटरचं सगळं काम मला दिलं. त्यांना चार कम्प्युटर पाहिजे होते. एक वजनकाट्याला, एक हिशोबाला, एक कॅमेऱ्यांना, आणि चौथा गंज्यांचं, म्हणजे कापसाच्या ढिगांचं, तापमान पाहायला. हा चौथा महत्त्वाचा. ओलसर कापूस ढीग करून ठेवला की तो आतल्या आत तापतो, आणि फारच तापला तर आतून पेटतो. म्हणून आवारात लागणाऱ्या प्रत्येक गंजीत लांब सळया खुपसायचं भाऊंनी ठरवलं होतं. सळईच्या टोकाला तापमान मोजणारा मणी, तिथून वायर कचेरीत. आकडा चढला की भोंगा वाजणार आणि माणसं धावणार.

मी म्हणालो, "चार कायले भाऊ? एकच दणकट पेटी घेऊ. तिच्या पोटात चार कम्प्युटर बसवून देतो."

"पोटात?"

"म्हणजे असतील खरे, पण हात लावता येणार नाही असे."

"दिसनारबी नाईत?"

"पडद्यावर दिसतील की."

भाऊंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इंजिनेर, म्या बिनदाताचे बैल इकणारे पाह्यले, बिनपान्याच्या हिरी इकणारे पाह्यले. बिनकम्प्युटरचा कम्प्युटर पह्यल्यांदाच इकून राह्यला कोनी मले."

मला असल्या वेळी स्फुरण चढतं. मी त्यांना खिडकीशी नेलं आणि मोकळं आवार दाखवलं. "इथं तुमच्या चार गंज्या लागणार. मधात तुम्ही गल्ली सोडणार, ट्रॅक्टर जाईल एवढी. का? तर एकीला काही झालं तर दुसरीला झळ लागू नये. हे तसंच. एका पेटीत चार कम्प्युटर, मधात गल्ली. एकात चोर शिरला तरी बाकीचे तीन सुखरूप."

भाऊंना हे पटलं. गंजी आणि गल्ली म्हटलं की त्यांना सगळं पटतं. पण माणूस शेतकरी. त्यांनी पुढचं विचारलं.

"आवाराचं फाटक एकच ना?"

"एकच."

"चावी?"

"माझ्याजवळ."

"म्हंजे ज्याच्याजवळ चावी, त्याच्याजवळ चारी गंज्या."

"अगदी बरोबर!" असं मी आनंदानं म्हणालो.

आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो.

आता मुहूर्ताचं. आमच्याकडे हंगामातली पहिली गाडी काट्यावर घ्यायची ती मुहूर्तावर. गाडीला हार, काट्याला हळदीकुंकू, गाडीवाल्याला टोपी-शेला, आणि पहिली वजनपावती छापून देवापुढे. भाऊंचा मुहूर्त दसऱ्याचा होता. पेटी नागपूरहून आली ती दसरा उलटून गेल्यावर. कापसाची पूजा भाऊंनी दसऱ्याला उरकून घेतली होती, पण पावती छापायची राहिली. जिनिंगची पहिलीच पावती, आणि तिच्यावर कुठली तरी फालतू तारीख, अमावस्येच्या अलीकडची. भाऊ दोन दिवस धड जेवले नाहीत.

कोणी सरळ माणूस असता तर म्हणाला असता, भाऊ, जाऊ द्या. मी म्हणालो, "भाऊ, या पेटीतल्या कम्प्युटरांची वेळ माझ्या हातात आहे. म्हणाल तर आत्ता तिथं दसरा करून देतो."

"खरंच होते तसं?"

"पाच मिनिटांत."

भाऊंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मी खरंच सूर्य मागे ओढून आणतो आहे. मी पेटीचं घड्याळ मागे घेतलं. पेटी इंटरनेटवरून वेळ विचारून स्वतःला दुरुस्त करत असते. ऐन पूजेत तिनं दगा देऊ नये म्हणून ती सोयही बंद करून टाकली. दसऱ्याची तारीख, सालासकट, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून बघून घातली. मग पेटीतला काट्याचा कम्प्युटर सुरू केला. त्यानं पेटीला विचारलं, आज काय? पेटी म्हणाली, दसरा. पावती निघाली. भाऊंनी तिच्यावर कुंकवाचं बोट असं टेकवलं की अर्धी तारीख त्याखाली गेली. पेढे वाटले. मला दोन.

पूजा झाल्यावर मी चारही कम्प्युटरांची वेळ नीट लावून टाकली. ते आपापले इंटरनेटवरून वेळ घेतील अशी सोय केली. चार झाले, हात झटकले, उरलेला एक पेढा पुडीत बांधला आणि घरी गेलो. ते चार ज्या पेटीत राहत होते, त्या पेटीचं घड्याळ तसंच राहिलं.

आणि भिंतीवरचं कॅलेंडर? ते भाऊंच्या जुन्या बैठकीतल्या टेबल-खुर्च्यांबरोबर आलं होतं. मागच्या वर्षीचं होतं. त्यावरचं लक्ष्मीचं चित्र चांगलं म्हणून कोणी काढलं नव्हतं.

म्हणजे चार कम्प्युटर चालू वर्षात, आणि त्यांची पेटी मागच्या वर्षीच्या दसऱ्यात.

याचा परिणाम काय, ते तेव्हा मला कळलं असतं तर मी ही गोष्ट लिहीतच बसलो नसतो. अशा पेटीला सारखी डागडुजी लागते. चोर रोज नवी फट शोधतात, पेटी बनवणारे रोज ती बुजवतात आणि बुजवण्याचं सामान इंटरनेटवरून पाठवतात. सामान खरं की खोटं, हे पेटी त्याच्यावरच्या शिक्क्याच्या तारखेवरून ओळखते. आमच्या पेटीला प्रत्येक शिक्का पुढच्या वर्षीचा दिसे. पुढच्या वर्षीचा शिक्का म्हणजे खोटा. ती इमानी बाई सगळं सामान दारातूनच परत पाठवत होती. हंगामभर एक फटही बुजली नव्हती.

आणि मी काय पाहत होतो? पेटीच्या राखणीचं सॉफ्टवेअर वर्षाच्या परवान्यावर घेतलं होतं. एक दिवस सहज पाहिलं तर शिल्लक मुदत वर्षाहून बरीच जास्त! मी ती दोनदा वाचली. मला वाटलं, कंपनीची चूक झाली, आपल्या फायद्याची. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. मी कोणाला बोललो नाही. बायकोला तेवढं सांगितलं. ती पोळ्या लाटत म्हणाली, "तुम्हाला फुकट मिळालेली एक वस्तू सांगा, जी नंतर महागात नाही पडली." मी विषय बदलला.

वर आणखी एक शहाणपण. माझं घर ते जिनिंग हा स्कूटरवरून थोडक्या वेळाचा रस्ता. पण ऊन फार, धूळ फार. म्हणून फाटकाची ती चावी मला घरी बसून फिरवता यावी, अशी इंटरनेटवरून सोय करून ठेवली. लुंगीवर बसून मी काट्याचा प्रिंटर दुरुस्त करायचो. एकदा मुकुटबनकडचे एक जिनिंगवाले पाहुणे म्हणून आले, तेव्हा त्यांना कचेरीतली तापमानाची पाटी दाखवली. भिंतीवर लाल आकड्यांची लांब पाटी, चार गंज्यांचे चार आकडे. "पाहा," मी म्हणालो, "कालपासून एक आकडा हलला नाही. याला म्हणतात व्यवस्था." पाहुण्यांनी मान डोलावली. मी चहात बिस्कीट बुडवलं.

आकडा हलला नव्हता, हे मी खरंच सांगत होतो.

त्यानंतरच्या सकाळी मी घरी पोहे खात होतो. काट्यावर बसणाऱ्या ताईंचा फोन आला. या ताई फुलसावंगीकडच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे यवतमाळात आलेल्या. त्यांच्या जिभेला गाडीवाले वचकून असतात.

"सर, काट्यावर तुमी बसले का घरून?"

"नाही. मी पोहे खाऊन राह्यलो."

"मंग बाण आपोआप काहून फिरून राह्यला?"

"माऊसवर माशी बसली असेल."

"माशी बसली असंन त मोठी हुशार हाय सर. तिनं आत्ताच फाइल उघडली."

तोंडातला घास तसाच राहिला. मी घरून चावी फिरवायला गेलो. चावी लागेना. पुन्हा फिरवली. माझ्याच फाटकाला माझीच चावी लागेना.  त्यातच फोनवर ताईंचा आवाज आला, या वेळी हळू, कोणी ऐकत असल्यासारखा: "सर, पडदा काळा झाला. हिशोबाचाबी झाला. सर, एकेक करून मालवून राह्यले कोनी."

स्कूटर मी कशी चालवली ते आठवत नाही. गेटवर चौकीदारानं खिसे तपासायला हात पुढे केला आणि माझा चेहरा पाहून मागे घेतला. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. काटा बंद. गाडीवाले ओरडत होते. आत कचेरीत भाऊ, ताई आणि पेटी. पेटीचे दिवे नेहमीसारखे हिरवे लुकलुकत होते. मला ते पहिल्यांदाच डोळे वाटले.

मी आधी इंटरनेटची वायर उपटली. मग पेटीलाच जोडलेला पडदा लावला. चारही कम्प्युटरांच्या जागी एक पान आलं. इंग्रजीत लिहिलेलं. तुमचं सगळं आम्ही कुलूपबंद केलं आहे, मुदतीच्या आत आमच्याशी बोला, नाही तर सगळं कायमचं जाईल. खाली उलट्या मोजणीचं घड्याळ, दर सेकंदाला कमी होणारं.

"काय लिवलं?" भाऊंनी विचारलं.

मी सांगितलं.

"मुदत किती?"

मी वाचली. पुन्हा वाचली. "वर्षाच्या वर आहे भाऊ."

भाऊंनी मान पुढे करून पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "चोर बरा दिसून राह्यला बाप्पा. बँकवालेबी येवढी सवलत देत नाईत."

ताई फस्सकन हसल्या. मी हसलो नाही. असे चोर दोन-चार दिवसांच्या वर मुदत देत नाहीत. त्यानं एक तारीख ठरवून दिली असणार, आणि पेटी आपल्या घड्याळाप्रमाणे तिथवरचे दिवस मोजत असणार. तिच्या घड्याळाप्रमाणे. मान वळवली तर भिंतीवर लक्ष्मी, खाली मागच्या वर्षीचा दसरा. मग परवान्याची ती वाढीव मुदत आठवली. मग एकेक करून सगळं.  चोरानं फट शोधली नव्हती. मी पेटीला मागच्या वर्षात बसवून ठेवलं होतं, आणि त्यानंतर उघडलेली प्रत्येक फट तिच्या अंगावर उघडी होती.

मी हे सांगायला तोंड उघडलं, आणि नेमकी नजर वर गेली. भिंतीवरची लाल पाटी. चार गंज्यांचे चार आकडे. मला जरा धीर आला. "निदान तापमान चालू आहे," मी म्हणालो.

आणि म्हणता म्हणता लक्षात आलं. तापमानाचा कम्प्युटर पेटीतच होता. तो कुलूपबंद होता. मग पाटीला आकडे कोण देत होतं?

कोणीच नाही. ती पाटी अशी होती की नवा आकडा आला नाही तर शेवटचा आकडा धरून ठेवायची. हे मला माहीत होतं; मीच लावली होती. चारही आकडे तेच होते, जे मी मुकुटबनच्या पाहुण्यांना मिरवून दाखवले होते. त्याच्या आदल्या दिवशीचेही तेच. चोर आजचा नव्हता. त्यानं पहिल्यांदा तो चौथा कम्प्युटर बंद करून पाहिला असणार, कोणाच्या लक्षात येतं का म्हणून. आणि मी बिस्कीट बुडवून त्याला सांगितलं होतं, नाही येत.

"भाऊ," मी म्हणालो, "भोंगा किती दिवसांपासून बंद आहे ते मला माहीत नाही."

भाऊंचा रंग उतरला. मी त्यांना तोवर कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आठवड्यापूर्वी अवकाळी पाऊस होऊन गेला होता. त्यानंतर आलेला कापूस हाताला दमट लागत होता, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. भोंगा आहे म्हणून तो घेतला होता.

"चाल," ते म्हणाले. आजवर मला 'तुम्ही' म्हणत होते. "बाह्या सार वर. चाल तू."

जुन्या जिनिंगमध्ये सळया नव्हत्या. संध्याकाळी माणसं गंजीला खांद्यापर्यंत हात घालत आणि आत काय आहे ते हातानं पाहत. भाऊंनी हमालांना हाक दिली. सगळे गंज्यांना भिडले. मीही. कापसात हात घालणं दिसतं तेवढं सोपं नाही. तो ढकलतो, मग ओढतो. पहिली गंजी, चार-पाच जागा, थंड. दुसरी, थंड. प्रत्येक वेळी हात आत जाताना मला वाटे, आता काहीतरी हाताला धरेल.

तिसऱ्या गंजीत, गल्लीच्या बाजूला, कोपर आत गेलं आणि ऊब लागली. अंथरुणातल्या माणसासारखी. हात आणखी घातला. ऊब वाढली. बोटांच्या टोकांना तर चटका बसल्यासारखं झालं. मी हात तसाच आत ठेवून भाऊंकडे वळलो. भाऊ माझं तोंड पाहत होते. त्यांना माझ्या ओरडण्याची गरज पडली नाही. ते आले, माझ्या हाताशेजारी त्यांचा हात घातला, बाहेर काढला आणि नाकाला लावला.

तो वास मलाही आला. जळक्या चिंधीचा. गच्चीवरून येणारा.

"हळू," भाऊ म्हणाले. "एकदम उघडली त हवा लागन, भडकन. हळू काढा. गोणपाट भिजवून आना."

मला वाटतं, त्यानंतरच्या वेळाइतकं मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. हमाल कापूस थोडा थोडा ओढत होते, ओली गोणपाटं दाबत होते. कापूस पांढरा, मग पिवळट, मग तपकिरी, आणि मग त्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली, अगदी उदबत्तीसारखी. सगळे थबकले. भाऊ म्हणाले, "थांबू नका." आत डोक्याएवढा काळा गोळा होता, मधोमध लाल ठिपका घेऊन. गोणपाटात गुंडाळून त्यांनी तो बाहेर काढला, ट्रॉलीत टाकला, ट्रॅक्टर गल्लीतून बाहेर गेला आणि रस्त्यापलीकडे टँकरनं तो भिजवला. लगेच दुसरा गोळा निघाला, थोडा लहान. मग आणखी काही नाही. पण कोणी थांबलं नाही. अख्खी गंजी उकलून पसरली, तेव्हा दिवस कलला होता. गल्ली होती म्हणून ट्रॅक्टर आत येऊ शकला. पेटीतली गल्ली मात्र नुसती माझ्या तोंडात होती.

मी गंजीच्या कडेला बसलो होतो. केसांत, कानांत, पापण्यांवर कापूस.  भाऊ शेजारी येऊन बसले.

"चोर आला कसा?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. मुहूर्त, घड्याळ, कॅलेंडर, परवाना, घरी बसून फिरवायची चावी. मधे मधे थांबलो, की आता शिवी येईल. आली नाही. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे पेटीत मांगच्या वर्सीचा दसरा होता."

"होता."

"अन् मांगच्या वर्सी दसऱ्याले इथी तूर उभी होती. जिनिंगबी नोतं."

"नव्हतं."

त्यांनी बाहीवरचा कापूस वेचून काढला. मग म्हणाले, "मुहूर्त म्याच मागतला. तू देल्ला. दोघंबी येडे." आणि उठताना, "पन चावीचं मी सांगतलं होतं तुले."

ते तर त्यांनी सांगितलंच होतं.

चोराशी आम्ही बोललो नाही. तक्रार केली, पोलिसांनी लिहून घेतलं. पेटी पूर्ण पुसली. हिशोबाची एक प्रत माझ्या दुकानातल्या डिस्कवर निघाली. उरलेलं ताईंनी पुन्हा भरलं, आणि भरताना दर तासाला माझ्या खानदानाची विचारपूस केली. तापमानाचा कम्प्युटर पेटीबाहेर आला. आता तो साधा, एकटा, इंटरनेट नसलेला डबा आहे. नवा आकडा आला नाही तर तो पाटी काळी करतो आणि भोंगा वाजवतो. घरून फिरवायची चावी मी काढून टाकली. ऊन लागतं, धूळ लागते. जातो.

आणि हंगाम संपेपर्यंत भाऊंनी मला एक काम लावलं. रोज संध्याकाळी येऊन चारही गंज्यांना खांद्यापर्यंत हात घालायचा. डबा आहे की, असं मी एकदा म्हणून पाहिलं. भाऊ म्हणाले, "डब्याले भेव नाई वाटत. तुले वाटते. तुह्या हातावर भरोसा हाय माहा." मी हात घालत गेलो. प्रत्येक वेळी कोपराशी येताना श्वास धरत गेलो.

या वर्षी दसऱ्याला नवीन हंगामाची पहिली गाडी आली. हार, टोपी, शेला, सगळं तयार. आणि मुहूर्ताच्या तोंडावर लाइन गेली. जनरेटर खोकत बसला. गाडीवाला ओरडला, "काय बाप्पा, बैलगाडीचा काटा तरी बरा होता!" मुहूर्त गेला. लाइन आली. पेटी सुरू झाली, काटा सुरू झाला. पावती छापायची.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊंनीही. मी पेटीपासून दोन हात लांब उभा होतो, हात पाठीमागे.

"मांगं नाही करत भाऊ," मी म्हणालो.

"म्या कुठी म्हनलो?" भाऊ म्हणाले. "पुढचा चांगला चौघडिया पाह्यतो मी. तवरोक गाडी सावलीत लावा." मग माझ्याकडे वळून, हळूच: "गंजी नाई लागली अजून, पन कालचा थोडा माल पडला हाय शेडमंधी. पाहून ये एकदा."

मी बाही सारली आणि शेडकडे गेलो.